बदलीवर आलेली बाई

बाबांनी मला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं तेव्हा मी त्यांच्यासाठी पपई कापत होते. भिवंडीजवळच्या वळ गावातल्या घराच्या ओटीवर, ताट मांडीवर घेऊन. "तुम्ही पन घ्या की," असं म्हणून त्यांनी दोन फोडी माझ्याकडे सरकवल्या. मला वाटलं, थट्टा चाललीय. आमच्या घरात पोरांनी बापाला अहो-जाहो करायचं आणि बापाने पोरांना अरे-तुरे, अशी रीत. शिवाय मला ते 'बाय' म्हणायचे. आमच्याकडच्या गावांत कुठल्याही मुलीला बाय म्हणतात, त्यात अप्रूप काही नाही. पण बाबांची हाक लांब ओढलेली असायची, आणि पन्नाशी उलटली तरी त्या हाकेला मी हातातलं काम टाकून जायचे. म्हणून हसत म्हटलं, "काय बाबा, आज एवढा मान?"

तेही हसले. पाहुण्यासमोर हसतात तसे. मग आत तोंड करून वहिनीला म्हणाले, "सूनबाय, ह्यांना चहा टाक जरा. लांबून आल्यात."

मी भिवंडीतून आले होते, रिक्षाने. वहिनी दारात आली. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. दोघींनाही कळलं आणि ती चहा टाकायला आत गेली. चहा आला, तो मी पाहुणीसारखा प्यायले.

विसरायला त्यांनी आधीच सुरुवात केली होती. नळ चालू राहायचा, जेवण झाल्यावर जेवणाची वाट बघणं व्हायचं. आम्ही म्हणायचो, वय झालं. त्रिशरण-पंचशील मात्र एका दमात म्हणायचे, कुठे अडखळणं नाही, त्यामुळे आमचीही समजूत पटायची. पण माणसं विसरायची पाळी आली तेव्हा सुरुवात माझ्यापासून झाली, हे मला फार लागलं. भावाला ओळखत होते. वहिनीला ओळखत होते. जी रोज डोळ्यांसमोर असतात ती राहतात, असं मला सगळ्यांनी समजावलं. मला समजत होतंच. लागायचं ते लागतच राहिलं.

यात वाईट हे की मी त्यांच्या डोक्यातून पूर्ण गेले नव्हते. त्यांची बाय होती. शाळेत जाणारी, दोन वेण्यांची, गुडघे फोडून घेणारी. तिच्याबद्दल ते बोलायचे. पिकलेल्या केसांची, चष्मा लावलेली ही बाई कोण, एवढंच त्यांना कळत नव्हतं.

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. इतकी वर्षं फळ्यावर चेतापेशी काढून पोरांना सांगत आले, की कातडी भरून येते, हाड जुळतं, रक्त नवं होतं, पण मेंदूतली पेशी गेली ती गेली. हे वाक्य मी जरा थाटातच म्हणायचे. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प व्हायची, आणि शिक्षकाला आणखी काय हवं असतं?

बाबांना आम्ही ठाण्याच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. वयाने माझ्या जुन्या विद्यार्थ्यांएवढे असतील. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "यांना चालवा. रोज. थोडा दम लागेल असं."

"चालून काय होणार?" मी म्हटलं. "बिघडलंय ते डोकं, गुडघे नाहीत." माझा राग नाकावर असतो आणि दवाखान्यात तर तो तिथून खाली उतरतच नाही.

डॉक्टर चिडले नाहीत. मेंदूत आत खोल एक वळलेला भाग असतो, नवी आठवण आधी तिथे उतरते, हे मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. त्या भागात मोठ्या वयातही थोड्या नव्या पेशी जन्माला येतात, असं आता बरेच जण मानतात, ते म्हणाले. पिंजऱ्यातल्या उंदरांना पळायला चाक दिलं की त्या जास्त येतात, हे तर दिसलेलंच आहे. माणसाच्या बाबतीत शास्त्रज्ञांची अजून भांडणं चालू आहेत. कोणी म्हणतं येतात, कोणी म्हणतं लहानपणानंतर जवळजवळ नाहीतच. "पण चालणाऱ्या माणसांचा तो भाग सावकाश सुकतो, एवढं धरून चला. फार आशा लावू नका."

फार आशा लावू नका हे मी ऐकलंच नाही. भांडणांचंही ऐकलं नाही. 'नव्या' एवढाच शब्द कानांत राहिला. मी वर्गात सांगत आले ते खोटं ठरत होतं आणि मला त्याचा इतका आनंद झाला, की बाबांचा हात धरून मी रिक्षास्टँडपर्यंत जवळजवळ पळतच निघाले. "अवो हळू," बाबा मागून म्हणाले, "कुनाची गाडी सुटतेय?"

मला दुसरं काही नको होतं. त्यांनी माझ्या या आत्ताच्या तोंडाकडे बघून एकदा, फक्त एकदा, 'बाय' म्हणावं. तेवढ्यासाठी मी त्यांना कसाऱ्याचा घाटसुद्धा चढवला असता.

घाट राहू द्या, ते ओटीवरून उठायला तयार नव्हते.

"कुठं जायाचं?"

"कुठे नाही बाबा. नुसतं चालून यायचं."

"नुसतं कशाला चालायाचं? येड लागलंय काय?"

आता याला उत्तर काय देणार! ज्याने जन्मभर यंत्रमागाच्या कारखान्यात पाय मोडले त्याला तब्येतीसाठी चाला म्हणणं म्हणजे त्याची चेष्टाच. हात जोडून, रागावून, एकदा चक्क रडून मी त्यांना रस्त्यापर्यंत नेलं. तर पूर्णा गावाकडून येणारे कंटेनर. बाबांचे कान लूमच्या आवाजाने खाल्लेले, हॉर्न ऐकू येतो तो अंगावर आल्यावर. एका कंटेनरने आम्हा दोघांना गटाराच्या काठावर ढकलल्यासारखं केलं, तेव्हा मी हात टेकले.

आमच्या घरामागे गोडाऊनची रांग आहे. त्यातलं एक तेव्हा रिकामं पडलं होतं. तिथल्या वॉचमनने आमची धडपड रोज बघितली होती. तो म्हणाला, "मॅडम, चाचा को अंदर घुमाओ. बाहर ये कंटेनरवाले किसी के सगे नहीं हैं."

आत गेलो. सपाट फरशी, वर पत्रे, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत लोखंडी खांबांच्या ओळी. शेजारच्या गोडाऊनमध्ये कसलंसं यंत्र घरघरत होतं, तो आवाज पत्र्यांतून येऊन इथे घुमत होता. बाबा दारातच थांबले. हॉर्न ज्यांना पोचत नाही त्यांना ही घरघर बरोबर पोचली.

"शिफ्ट चालू झाली?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं, "तुमची ड्युटी आहे."

आणि बाबा चालायला लागले.

लूमचा कारागीर बसून काम करत नाही. एकट्याने कितीतरी माग बघायचे असतात. सुताची तार तुटली की जोडायची, कांडी संपली की बदलायची, म्हणजे शिफ्टभर फिरतं राहायचं. बाबा प्रत्येक खांबापाशी थांबायचे, हात पुढे करून हवेत काहीतरी चाचपायचे, मान हलवून पुढच्या खांबाकडे निघायचे. माझ्याशी बोलायचं तर ओरडून, कारण त्यांच्या लेखी कारखाना चालू होता. मीही ओरडूनच उत्तर द्यायचे. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, बापलेकीचं कडाक्याचं भांडण जुंपलंय. परत येताना त्यांच्या कपाळावर घाम असायचा आणि चेहऱ्यावर काम करून आलेल्या माणसाचं समाधान. त्यांना फसवून चालवतेय याचं मला काही वाटलं नाही. त्यांना दम लागत होता, मला तेवढं पुरे होतं.

मग कॉलेज सुटलं की मी रोज वळला जायला लागले. सुट्टीच्या दिवशीही. पाऊस सरला, थंडी आली. स्टाफरूममधल्या मैत्रिणी म्हणायच्या, तुझंच वजन उतरलं बघ. माझं लक्ष होतं बाबांच्या कानाच्या आतल्या अंगाला, जिथे मला दिसणार नव्हतं तिथे. खांबामागून खांब मागे पडायचा आणि मी मनात म्हणायचे, आली असेल एखादी पेशी. आज एक आली असेल.

फरक पडला. खोटं कशाला सांगू, पडला. गोडाऊनची वाट त्यांना पाठ झाली, मी मागे आणि ते पुढे. बूट स्वतः शोधून घालायला लागले. एकदा वॉचमनने चहा पुढे केला तर म्हणाले, "कल शक्कर ज्यादा थी, भाई."

काल! ज्यांना सकाळ उरत नव्हती त्यांना काल होता. वॉचमन साखर खरंच जास्त झाल्याचं कबूल करत होता आणि मला त्याच्या पाया पडावंसं वाटत होतं. घरी येऊन मी वहिनीच्या गळ्यात पडले. ती बिचारी भाकऱ्या थापत होती, माझ्या पाठीवर सगळं पीठ लागलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी रिक्षातून उतरले तर बाबा बूट घालून ओटीवर बसलेले. वहिनी म्हणाली, "दुपारपासून बसलेत. सारखे रस्त्याकडं बघतात." मला बघितल्याबरोबर त्यांचा चेहरा असा उजळला की माझे पाय तिथेच थांबले. किती दिवसांत माझ्याकडे बघून हा चेहरा असा झाला नव्हता.

"आल्या!" ते म्हणाले.

'आलीस' नव्हतं, पण मी ते सोडून दिलं. जवळ गेले, त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि विचारलं, "कोण आलं, बाबा?"

"तुम्हीच की. फिरवनाऱ्या बाई."

मी "चला" म्हटलं.

त्या दिवशी गोडाऊनमध्ये अर्ध्या वाटेवर थांबून त्यांनी, ओरडून अर्थातच, विचारलं, "तुम्ही बदलीवर हायेत ना?"

कारखान्यात कायमचा माणूस रजेवर गेला की त्याच्या जागेवर जो येतो तो बदली. काम तेच, माग तेच, पण जागा त्याची नसते. पहिला आला की याने मुकाट बाजूला व्हायचं.

"कोणाच्या बदलीवर?" मी विचारलं.

"माझ्या बायच्या. पयले ती यायची. तिला सुट्टी न्हाय भेटत असंल, म्हणून तुम्हाला लावलंय." आणि मग, माझा चेहरा बघून असेल, मायेने म्हणाले, "नाराज नका होऊ. काम चांगलं हाय तुमचं. मी सांगतो तुम्हाला कायम करायला."

बदली कायम कधी होतो, हे आमच्या घरातल्या लहान पोरालाही माहीत आहे. पहिला माणूस आता येणार नाही असं ठरलं की. मी खांबाला हात लावून उभी राहिले. ते पुढच्या खांबाकडे गेले.

घरी आल्यावर वहिनीला राहवलं नाही. "बाबा, अवो हीच तुमची बाय!" ती म्हणाली. बाबांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्यांचा पारा चढला. माझा राग कुठून आला हे विचारायची गरज नाही. "माझी बाय येवढी म्हातारी हाय काय? दोन वेण्या घालते ती. मला काय खुळा समजता?" ओरडता ओरडता ते मागे सरकत भिंतीला टेकले. ते घाबरले होते. आपल्याला काहीतरी दिसत नाही आणि ते सगळ्यांना दिसतंय, ही भीती. मीच वहिनीला गप्प केलं आणि बाबांना म्हटलं, "नाही हो, मी बदलीवरच आहे." ते लगेच शांत झाले.

आता पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण झालं ते झालं. दुसऱ्या दिवशी वहिनीच्या खोलीत बसून मी दोन वेण्या घातल्या. पन्नाशीच्या बाईने, पांढऱ्या-काळ्या केसांच्या, उंदराच्या शेपटीएवढ्या दोन वेण्या. चष्मा काढून ठेवला. ओटीवर जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. बाबांनी नीट निरखून बघितलं. मग वहिनीकडे वळून हळूच विचारलं, "बाईंच्या शाळेत गॅदरिंग हाय वाटतं?"

वहिनीला हसू आवरेना. मीही हसले, पोट धरून हसले. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि त्या आवाजाच्या आडोशाने रडले.

डॉक्टरांकडे पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट करून बाबांना विचारलं, "या कोण?"

"ह्या मला फिरवतात," बाबा चटकन म्हणाले. "रोज येतात. चांगल्या हायेत."

डॉक्टरांचा चेहरा फुलून आला. "मॅडम, या टप्प्यावर नवीन माणूस लक्षात राहणं सोपं नाही. खूप चांगलं आहे हे."

"नवीन माणूस म्हणजे मी," मी म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग मी मनात कधीची घोळत असलेली गोष्ट विचारून टाकली. मी त्या काळात हाताला लागेल ते वाचत होते. त्यात उंदरांचंच आणखी एक वाचलं होतं. नव्या पेशी जुन्या जाळ्यात शिरतात, जागा करून घेतात, आणि त्या धक्काबुक्कीत आधीचं काही पुसलं जातं. पळून पळून नव्या पेशी आलेले उंदीर आधी शिकलेलं विसरले होते. "मग मीच तर पुसलं नाही ना मला? रोज चालवून चालवून?"

"नाही," ते म्हणाले. "तुम्हाला ते 'तुम्ही' कधी म्हणायला लागले? चालायला लागण्याआधी ना? ते तेव्हाच गेलं होतं. आजाराने नेलं. चालण्याने काही घेतलेलं नाही, उलट दिलंय. ते आता रोज कोणाची तरी वाट बघतात."

"नव्या पेशी आल्या असतील?"

"जिवंत माणसाच्या डोक्यात डोकावून ते सांगता येत नाही. आल्याही असतील."

त्यांचं सगळं बरोबर होतं. म्हणून तर मला त्यांचा इतका राग आला. जिन्यावर बाबा माझ्या पुढे, आता दम न लागता, पायऱ्या उतरत होते.

वर्गात ते जुनं वाक्य मी आता म्हणत नाही. म्हणते, येत असेल नवी पेशी. पण येते ती कोरी येते. तिच्या आधी तिथे जी होती तिला काय काय ठाऊक होतं, हे तिला कोणी सांगत नाही. पोरं विचारतात, मॅडम, परीक्षेत कसं लिहायचं? मी सांगते, पुस्तकात आहे तसं लिहा.

बाबांना चालवणं मी थांबवलं नाही. एकदोनदा मनात आलं, की कोणीतरी पगारी माणूस लावावा. नाहीतरी मी परकीच. पण मग त्यांनी ओटीवर बसून वाट बघितली असती ती कोणाची? बदलीवरच्या बाईची का होईना, वाट माझीच बघतात.

परवा फिरून झाल्यावर आम्ही गोडाऊनच्या माल चढवायच्या ओट्यावर पाय सोडून बसलो होतो. वॉचमन चहा देऊन गेला होता. बाबा खुशीत होते. त्यांनी बिस्किटाचा अर्धा तुकडा मोडून मला दिला आणि जरा वेळाने विचारलं, "तुम्हाला वडील हायेत?"

"आहेत."

"कुठं असतात?"

"इथेच. वळला."

"तब्येत बरी?"

"बरी आहे. चालतात रोज."

"मंग कोन बघतं त्यांच्याकडं?"

मी चहाच्या ग्लासात बघत राहिले. बाबांनी माझा ग्लास काढून बाजूला ठेवला. त्यांच्या कपाळावर आठी आली होती, लहानपणी मी अभ्यास न करता बसले की यायची ती.

"मंग तुम्ही हितं काय करताय?" ते म्हणाले. "माझी काळजी नका करू. माझी बाय हाय, ती येल. त्यांचं कोन हाय? जावा त्यांच्याकडं."

"जाते," मी म्हटलं. "उद्या जाते."

"उद्या नको. आत्ता जावा," ते म्हणाले, आणि मला उठायला बरं पडावं म्हणून त्यांनी हात पुढे केला.